मुद्दाम ठेवलेलं छिद्र

आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो
आणि अंबादासअन्नाची गाडी रोज गळते.
आई असती तर तेलुगूतच झापलं असतं तिनं,
नीळ्ळु असं सांडणाऱ्याला
रात्री उंबऱ्याबाहेर झोपवा म्हणाली असती.

दोन सीटांची, लाल, छप्पर दुमडणारी.
जर्मनीला टॉवेल जायचे त्या साली घेतलेली.
पुढे माग गेले, शेड गेली,
कांड्या भरायचं मशीन भंगारात किलोवर गेलं.
ही राहिली,
मोराच्या चादरीखाली.
चादर तरी कुठं खपली होती!

इलाही मिस्त्री विजापूर वेशीतून आले,
पोतं अंथरून गाडीखाली सरकले.
नुसते पाय दिसत होते, आणि आवाज :
"पंप रो रहा है, सेठ."
मग मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून असेल,
मला मराठीत सांगितलं :
पंपाला एक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, बाई.
आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगकडे धावतं.
त्याला तिथूनच बाहेर वाट देतात.
कळावं म्हणून. वेळेत.

मी म्हटलं, माणसालाही असं एखादं...
अन्ना म्हणाला, बॅटरी नीट धर.

हिरवं पाणी आंघोळीच्या घमेल्यात उतरलं.
पट्टा निघाला. मग बोल्ट, सात,
कुठलाच दुसऱ्याएवढा लांब नाही.
अन्ना माळ्यावर चढला
आणि जकार्डचं एक कार्ड घेऊन उतरला,
पिवळं पडलेलं, भोकंच भोकं.
मोराच्या मानेचं असेल, म्हणाला, नाहीतर काठाच्या वेलीचं.
जो बोल्ट जिथून निघाला
तसाच त्या कार्डात खोचला.
वीस वर्षांनी त्या कार्डाला काम लागलं.

सहावा तुटला.
कुणीच काही बोललं नाही.
इलाहीमियांनी चहा मागवला, अख्खा प्यायला,
आणि दीड तास उलट्या ड्रिलनं
त्या तुकड्याची मनधरणी केली.

जुना पंप हातात घेतला तर
पात्यांना वाळवी लागलेली.
"बोअर का पानी डाला था ना?"
अन्नाला ऐकू आलं नाही.
बत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात बसून
त्याचे कान गेलेत.
कधीकधी सोयीनं जास्त जातात.

नवा पुण्याहून पार्सलनं आलेला,
खोबऱ्यासारखा पांढरा, मेणकागदात.
बसला. बोल्ट आपापल्या भोकातून
आपापल्या भोकात गेले.
नळाला पाणी आलं नेमकं तेव्हाच,
सगळी गल्ली हंडे घेऊन धावली,
आणि आम्ही दारात उभं राहून
विकतचं, बॅटरीत घालायचं पाणी
रेडिएटरला पाजत होतो.
शेजारची कमलव्वा बघून गेली. काही म्हणाली नाही,
तेच जास्त लागलं.

हवा निघायला हीटर पूर्ण सोडावा लागतो.
मे महिना, बेचाळीस डिग्री,
सोलापूर.
आम्ही दोघं त्या लाल भट्टीत बसलो
आणि काटा मध्यावर येऊन थांबायची वाट बघितली.

मग अन्ना उतरला.
लांब पेचकस घेतला,
टोक पंपावर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडावर.
डोळे मिटले.
माग चालायचे तेव्हा असाच उभा राहायचा,
कुठल्या धोट्यात खोट आहे ते
चोवीस मागांतून ओळखायचा.
"गुळगुळीत," म्हणाला. एवढंच.
मग मला पेचकस दिला.
मला नुसतं गुरगुरणं ऐकू आलं,
पण मी मान हलवली.

रात्री गाडीखाली
घरचाच एक पांढरा टॉवेल पसरला.
पहाटे साडेपाचला अन्ना गुडघ्यांवर,
बोटांनी सगळा टॉवेल चाचपतोय.
मागच्या बाजूला एक थेंब होता, काळपट.
चोळला, वास घेतला.
"पाणी नाही हे," म्हणाला,
आणि कितीतरी दिवसांनी हसला,
"ऑइल आहे. इलाहीला फोन लाव."