बोल्ट काढणे

बत्तीस वर्षं मी बोल्ट काढले.
विद्यानगरच्या पॉलिटेक्निकात, फळ्यावर, खडूनं.
षट्कोनी माथा, तीस अंशांचा चॅम्फर,
आटे समांतर रेषांत,
आणि जी कड डोळ्यांना दिसत नाही
ती तुटक रेषेनं.
पोरं म्हणायची, सर नुसत्या हातानं वर्तुळ काढतात, कंपास लाजतो.

आज रविवार. सकाळचे सात.
एमएच अकरा, पांढरी मारुती, नव्व्याण्णवची.
काल मसूरहून येताना काटा लालात गेला.
काम थर्मोस्टॅटचं. दोन बोल्ट.
गॅरेजवाला आठशे मागतो.
म्हणजे बोल्टाला चारशे?
म्हटलं, आपण काय उगाच इतकी वर्षं खडू झिजवला?

पहिला निघाला
पिकल्या चिकूतून बी निघावी तसा.
मंदाकिनीला हाक मारून दाखवलासुद्धा.
ती म्हणाली, छान. आणि दुसरा?

दुसरा.
दुसऱ्यापाशी पाना पोचतो तर फिरत नाही,
फिरतो तिथून पोचत नाही.
बॅटरी काढली. आता पाना फिरतोय, पण हात मावेना.
एअर फिल्टरचा डबा काढला,
त्याचा एक स्क्रू इंजिनाच्या पोटात
टिक टिक टिक करत खाली गेला
आणि जमिनीवर काही पडलं नाही.

दहाचा पाना सैल, नऊचा बसत नाही.
वडिलांच्या पेटीत तीन अष्टमांशाचा निघाला,
तो हातोडीनं ठोकून बसवला.
रॉकेल घातलं. गंजाचं तेल घातलं.
डुबल अण्णा लुंगीवर कंपाउंडला टेकून:
तापवा जरा. हलकंच मारा.
आता जोरात मारा.
तसं नव्हं ओ.

उताणा पडून वर बघताना
डावं ते उजवं होतं का?
हा प्रश्न मी दहा मार्कांना घातला असता.
अंगठ्याचं सालटं गेलंय.

आणि मग तो फिरला.
काय हलका फिरला!
इतका हलका, की कळलंच मला.
माथा माझ्या हातात,
बाकीचा आत.

दुपारी इर्शाद मुजावर आला, ओगलेवाडीहून.
ड्रॉइंगमध्ये मी त्याला दोनदा नापास केलं होतं.
त्याला आठवत असणार.
त्यानं विषय काढला नाही.
टॉर्च धरून भोकात बघितलं, म्हणाला,
"सर, तुम्ही बसा निवांत. हे मी काढतो."
बारीक ड्रिल, मग उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर,
जिभेचं टोक बाहेर, श्वास धरलेला.
टक्.
"सर."
"काय रे?"
"माझापण तुटला."

मग दोघं ओट्यावर बसलो.
मंदाकिनीनं चहा दिला आणि काहीच बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.
लेथवाल्याला दाखवायला
इर्शादनं बिस्किटाच्या पुड्यावर आकृती काढली:
भोक, भोकात बोल्ट, बोल्टात एक्स्ट्रॅक्टर.
आतलं सगळं तुटक रेषेत.
बरोबर होतं.
एक रेष जरा लांबली होती.
मी पेन मागितला, हातात धरला,
आणि त्याला परत दिला.

संध्याकाळी दोरी बांधली.
पुढं त्याच्या भावाचा छोटा हत्ती, मागं मी,
इंजिन मुकं, हातात नुसतं स्टीअरिंग,
शर्टाच्या खिशात षट्कोनी माथा,
मागून उसाची ट्रॉली हॉर्न मारतेय.
पॉलिटेक्निकच्या फाटकापुढच्या गतिरोधकावर
गाडीनं दोन उड्या खाल्ल्या
आणि पोटातून काहीतरी सुटलं,
टिक टिक करत रस्त्यावर पडलं.
आवाज ओळखीचा होता.
मला थांबता येत नव्हतं.