धोटा

फांदीवर दोरी टाकायला दगड नको, म्हणाला राजेशम गाजूल,
आणि पिशवीतून काढला वडिलांचा धोटा.
टोकाला पितळ, पोटात अजून थोडं सूत.

स्मृती उद्यान, सकाळचे सात.
कडुनिंबावरून तार, सतरंजीवर स्कूटरची बॅटरी, आम्ही दोघं.
"वरचे मासे धरता का?" माळी विचारतो.
तसंच समजा.

स्पर्धेत बोलणं मोजकं:
कॉलसाइन, बागेचा नंबर, फाइव्ह नाइन, पुढचा.
कोट्टायम. जोरहाट. मस्कत, खरखरीत.
राजेशम वहीत लिहितो, दुसऱ्या हाताने कडक भाकरी मोडत.

साडेअकराला एक बुडता आवाज.
नंबर दिला, मग नियमात नसलेलं:
"सोलापूर? तिथलीच चादर अंगावर आहे माझ्या.
ताप आहे जरा."

तिघेजण त्याच्यावर चढून हाका मारत होते.
राजेशमने घड्याळ दाखवलं.
मी विचारलं, "रंग कोणता?"

"तांबडा होता..."
पुढे नुसती खरखर,
चातीवर रिकामी कांडी फिरावी तशी.

आवरताना तार सुटली, धोटा वरच अडकला.
राजेशमने दोनदा हिसका दिला, मग दोरी कापली.
"शिडी आणू पुढच्या वेळी."

वहीत त्या ओळीपुढे
गुणांच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: तांबडा.