हवा भरून मिळेल

फॉर्मवर सातवा प्रश्न असतो :
पहिल्यांदा कधी घेतलं?
बहुतेक पोरं इथं खोटं बोलतात.
मी बोलू देते.
खाली शिवणक्लासच्या मशिनी धावत असतात,
आमच्या गप्प बसण्याला टीप घालत.

श्रेणिक मगदूम, वय सोळा, अंकली फाटा,
यानं खरं सांगितलं.
"बारका होतो. अण्णांच्या दुकानात
टायरांवर झोपायचो."
मी लिहिलं : वय अंदाजे नऊ. पदार्थ : सोल्यूशन.
पुढच्या रकान्यात छापलेलं, 'कोणी दिलं?'
तिथं पेन अडलं.

कोणी दिलंच नव्हतं.
बाप ट्यूब घासायचा,
बोटानं सोल्यूशन पसरायचा, फुंकर मारायचा,
ठिगळ दाबून धरायचा शंभर मोजेपर्यंत,
आणि तेच बोट चड्डीला पुसून
पोराच्या ताटात भाकरी कुस्करायचा.

अकरा वर्षं मी एकच वाक्य सांगत आले :
ती जागा टाळ, तो वास टाळ, ती माणसं टाळ.
भिंतीवर त्याचा तक्ताही आहे, मीच रंगवलेला.
श्रेणिकनं तो शेवटपर्यंत वाचला.
मग म्हणाला,
"गाडीवर अण्णांच्या मागं बसलो तरी येतोय मॅडम.
शर्टाला."

मी म्हटलं, पुढच्या बुधवारी बोलू.

पुढच्या बुधवारी तो आला नाही.
त्याच्या पुढच्याही.
फोन बापानं उचलला : "नदीकडं गेलंय."
कृष्णेत मगरी आहेत, पण मला भीती वाटली
पुलाखालच्या त्या कोरड्या कमानीची,
जिथं रुमाल मुठीत घेऊन पोरं बसतात
आणि वरून उसाच्या ट्रॉल्या जात राहतात.

शनिवारी स्कूटर काढली.
अंकली फाट्यावर पिवळा पत्रा दिसला.
'येथे पंक्चर काढून मिळेल'
यातल्या मधल्या दोन शब्दांवर काळा ऑइलपेंट फासलेला,
ओघळ खालपर्यंत आलेले,
आणि वरती, जागा पुरली नाही म्हणून तिरकं :
हवा भरून.

भूपाल मगदूम उठून उभे राहिले.
"तेरा दिवस झाले. गिऱ्हाईक निम्मं गेलं.
जाऊ दे.
लिंबानं घासतोय, रिठ्यानं घासतोय,
वास जायला किती दिवस लागत्यात?"
आणि दोन्ही हात पुढं केले,
शाळेत नखं दाखवतात तसे.

मी वाकून वास घेतला.
इतक्या वर्षांत कुणाचे हात असे हुंगले नव्हते.
"थोडा आहे अजून," म्हटलं.
ते मान हलवत राहिले,
रिपोर्ट ऐकल्यासारखे.

श्रेणिक कॉम्प्रेसरपाशी बसला होता.
नळी एका बुलेटच्या चाकात, डोळे काट्यावर.
"परवा घेतलं एकदा," माझ्याकडं न बघता म्हणाला,
आणि त्याच आवाजात गिऱ्हाइकाला,
"मागच्यात बत्तीस ठेवू?"

बापानं ऐकलं.
टोपी काढली, झटकली, परत घातली.

मला त्यावर बोलायला येतं.
घसरणं म्हणजे संपणं नव्हे, वगैरे.
प्रशिक्षणात त्याला पाऊण तास दिलेला.
काही बोलले नाही.
स्टुलावर बसून चहा घेतला, खूप गोड होता.

निघताना त्यानं माझं मागचं चाक दाबून बघितलं.
हवा भरली. थुंकी लावून
वॉल्व्हवर बोट धरलं,
मग टायरला कान लावला,
इतका वेळ, की मीही श्वास रोखला.

"बारकं पंक्चर आहे मॅडम.
आम्ही काढत नाही आता."
पैसे घेतले नाहीत.
"सांगलीपर्यंत पोचतंय की.
सावकाश जावा. तिथं दुसऱ्याकडनं काढून घ्या."

पूल ओलांडताना
चाक जरा जड लागत होतं.
विश्रामबागेत पोचले तेव्हा
अर्धी हवा शिल्लक होती.