रेघ

तिसऱ्या दिवशीही उत्तरेचा वारा.
प्रार्थनाघराच्या खिडक्या बंद, तरी दाताखाली धूळ.
एकशे चौदा पुरुष टोप्या मांडीवर घेऊन बसलेले,
बायका बाहेर, गाड्यांच्या सावलीत.
मी कोपऱ्यातल्या टेबलाशी, सभासदांची वही उघडून.
चाळीस वर्षं हेच काम:
जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण,
आणि क्वचित, फार क्वचित, नावावर एक रेघ.

आज इसब्रांट उनरूची पाळी.
आमच्याच शाळेतला. अनवाणी यायचा,
खिशात भुईमुगाच्या शेंगा.
वसाहतीच्या पैशावर असुन्सियोनला शिकला, पुढे जर्मनीत,
इतिहासाचा प्राध्यापक झाला
आणि घरचा अहेर घेऊन आला:
दोनशे ऐंशी पानं, पुठ्ठाबांधणी.

ज्येष्ठ उपदेशक क्लास हार्डर यांनी पुस्तक
दोन बोटांत धरलं, ओलं दुपटं धरावं तसं,
आणि खुणेचं पान वाचलं:
"आम्ही तलवार कधीच उचलली नाही, हे खरं.
गरजच पडली नाही.
विहीर आमच्या कुंपणात होती."

हे खोटं आहे, असं कुणीच म्हणालं नाही.
म्हणाले, हे बाहेर कशाला?
म्हणाले, रशियात आपण काय सोसलं
त्याला नऊच पानं?
म्हणाले, परक्यांच्या टाळ्यांना भुललास.
मागच्या बाकावरून तरणा टोव्ज उठला,
"पण आकडे बरोबर आहेत का?"
बापानं त्याला बाही ओढून खाली बसवलं.

आकडे बरोबर आहेत.
ते माझ्या बापाच्या अक्षरात आहेत.
छत्तीस साल. कापूस वेचणी, सात आठवडे, माणसं अकरा.
मजुरी: ज्वारीचं पीठ दोन पोती, विजार एक.
आणि पुढे, बापाच्या त्या काटेकोर वळणात,
"विजार वापरलेली."

दोन हिवाळ्यांपूर्वी, दुपारच्या झोपेच्या वेळी,
इसब्रांट माझ्या ओसरीवर आला.
मी त्याला थंडगार तेरेरे दिलं.
कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली
आणि म्हणालो, मी जरा पडतो.
पडलो. झोप लागली नाही.
भिंतीपलीकडे पानं उलटत होती, चार वाजेपर्यंत.

पुस्तकात आभाराचं पान आहे.
त्यात त्याच्या कुत्र्याचंही नाव आहे.
माझं नाही.

"कागद कुणी दिले?" हार्डरांनी विचारलं.
तो आपल्या टोपीकडे बघत राहिला.
एवढ्या एका बाबतीत तो आमच्यातलाच निघाला:
गप्प बसला.

मग मत घेतलं. हात मोजायचं काम माझं.
एकशे बारा.
वहीत आकडा लिहिताना लक्षात आलं,
त्यात एक शाई लागलेला होता.
सगळ्यांसारखे मीही हात वर केले.

आता त्याच्याबरोबर एका पंगतीला बसायचं नाही.
त्याची बहीण अगानेता हिनं त्याच संध्याकाळी
दोन टेबलं लावली, मध्ये चार बोटांची फट,
आणि वरून एकच चादर अंथरली.
नियम मोडला नाही.
वाडगा मात्र फटीवरून इकडून तिकडे फिरत राहिला.

कुलूप लावून बाहेर आलो तर
पोटफुग्या बाटलीझाडाखाली एवारिस्तो उभा.
एनलेत माणूस, आमचा ट्रॅक्टर चालवतो, प्रार्थनाघर झाडतो.
"संपलं?"
"संपलं."
"त्या पुस्तकात माझ्या आजाचं नाव आहे का?
त्या कापसावर होता तो."
"नाही," मी म्हणालो. "नोंदीत फक्त 'माणसं अकरा' आहे.
इसब्रांटनंही तेवढंच उतरवलं."
एवारिस्तोनं झाडू खांद्यावर घेतला.
"म्हणजे तुमचा तोही."

आजाचं नाव काय होतं,
मी विचारलं नाही.
वही काखेत होती.
पेनात शाई होती.