एक पूर्णांक एक

तिच्या नावाच्या सुरुवातीला एक टिचकी आहे,
जीभ टाळूवरून सुटताना वाजते ती.
देवनागरीत तिला अक्षर नाही.
आपण तो आवाज काढतो
हळहळताना, नाहीतर बैलाला हाकताना;
ती त्याच आवाजानं
दारात उभी राहून आपली ओळख सांगते.
म्हणून इथे नाव नाही. पिशवीवरचा क्रमांक आहे:
एक्केचाळीस.

पिशवीत कंदाच्या चकत्या.
ज्या वेलीचं आकडेदार फळ गुरांच्या खुरात रुततं
तिचा कंद, कालाहारीच्या उन्हात जाळीवर वाळवलेला,
बाहेरून मातकट, आत कवडीसारखा फिकट.
जिभेला लावला तर
कारल्यानं लाजावं इतका कडू.

विंडहुकच्या प्रयोगशाळेत पेनेहाफो तो दळते.
दोनशे मिलिग्रॅम. तराजूचं काचेचं दार लावून घेते,
श्वास धरते,
कारण शेवटचा आकडा उसाशानंही हलतो.
मग मिथेनॉल, तासभर घुसळण, गाळणं,
आणि कुपीतलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी
यंत्राच्या सुईखाली.

पडद्यावर बराच वेळ सपाट रेघ.
दुपारचा दीड वाजलाय, डबा तसाच.
अकराव्या मिनिटाला रेघ अंग झटकून उठते,
टोक गाठते,
उतरताना थोडी लंगडते.
त्या टेकाडाखाली जेवढी जागा
तेवढं सूज उतरवणारं द्रव्य.
एक पूर्णांक एक टक्का.
हवं होतं एक पूर्णांक दोन.

पेनेहाफो सुई धुते. नवी चकती, नवी कुपी.
एक पूर्णांक एक.
तिसऱ्यांदा एक पूर्णांक शून्य नऊ,
वर ओढलं तरी एक पूर्णांक एकच.
शेऱ्याच्या रकान्यात ती लिहिते:
कंद कोवळे, वेळेआधी खणलेले. माल परत.
खणले त्या आठवड्यात
मक्याचं पीठ संपलं होतं,
हे तिला कोणी कळवलेलं नाही.

गोणी टेम्पोतून परत येते.
एक्केचाळीस नंबरची बाई गाठ दातानं सोडते,
मूठभर चकत्या काळ्या भांड्यात उकळायला टाकते.
तिचे गुडघे सुजलेत, खणून खणूनच.
हॅम्बुर्गमधल्या कुणाच्या गुडघ्याला जे कमी भरलं
ते ती दोन घोटांत संपवते,
तोंड वाकडं करते,
उरलेलं नवऱ्यासाठी झाकून ठेवते.

सकाळी पुन्हा वाळूत.
मधलं मूळ आईचं, त्याला हात लावायचा नाही.
बाजूला चार कंद, त्यांतले दोनच घ्यायचे.
मग खड्डा बुजवायचा:
ओली वाळू आधी, कोरडी वर,
निघाली त्याच्या उलट क्रमानं.
पायानं नाही, तळव्यानं थापायची.

उठताना तिचा गुडघा वाजतो.
कट्.
एवढं लिहिता येतं.