किती बैल लागतील

आमच्या किंचाव बेटावर घरं हलवतात.
खरंच हलवतात. खालचे खांब सोडवायचे,
ओंडक्यांवर चढवायचं, दोर बांधायचे,
सहा-सात बैलजोड्या आणि अख्खं गाव.
मध्ये खाडी आली तर भरतीची वाट बघायची,
मग होड्या ओढतात, घर तरंगत जातं
खिडक्यांच्या पडद्यांसकट,
आणि पलीकडच्या काठावर चढलं
की संध्याकाळी पुन्हा धूर सोडू लागतं.

म्हणून अर्तेमिओमामाने विचारलं ते थट्टेने नव्हतं:
"चॅनल बंद केलं म्हणतेस,
तर दुसरीकडे ओढून नेऊ की.
किती बैल लागतील?"

अकरा वर्षं. चारशे बारा व्हिडिओ.
सायप्रसची फळी वाफेवर कशी वाकवायची,
आलेर्सेच्या सालीचा काथ्या सांध्यात कसा ठोकायचा
आणि थांबायचं कधी.
"आवाज बदलतो," मामा म्हणायचा, "हातोडीला विचार."
कॅमेरा ओतिलियामामीच्या हातात.
तिचा श्वास, तिचा खोकला,
"हात बाजूला घे रे, दिसत नाहीये,"
असं प्रत्येक व्हिडिओत दोनदा तरी.

पुढे पुढे मी शहाणी झाले.
आकडे वाचायला शिकले.
मामाला म्हटलं, पहिल्या पाच सेकंदांत काहीतरी मोडलं पाहिजे,
नाहीतर लोक निघून जातात.
त्याने माझ्यासाठी एक चांगली फळी मोडली.
नंतर बराच वेळ तिचे दोन तुकडे
जुळवून बघत बसला होता.

पैसे यायचे, खोटं कशाला बोलू.
त्यातून रंध्याचं यंत्र आलं, अर्ध्या छपराचे पत्रे आले.
उरलेलं अर्धं पुढच्या उन्हाळ्यात.

गुन्हा काय, तर शीळ.
ठोकताना मामा शीळ घालतो, बापाकडून आलेली,
बापाला कुठून आली ते कुणी विचारलं नव्हतं.
सान्तियागोपलीकडच्या कुठल्याशा कंपनीच्या यंत्राने
ती आपली म्हणून ओळखली.
एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

मी अर्ज केला.
चाळीस सेकंदांत उत्तर, अतिशय नम्र,
आम्ही आपलं प्रकरण काळजीपूर्वक तपासलं.
चाळीस सेकंदांत तर मामा
कानामागची पेन्सिलसुद्धा काढत नाही.

आणि मूळ चित्रण?
ते मीच पुसत आले, दर महिन्याला.
डिस्क भरायची. म्हटलं, वर आहे की सगळं.
वर.
जसं काही वर आपलं माणूस बसलंय.
दुसऱ्याच्या ओसरीवर अकरा वर्षं संसार मांडला
आणि एकदाही पाहिलं नाही
आतली कडी कुणाच्या हातात आहे.

मामाला हे सांगितलं तेव्हा
तो काही बोलला नाही. डांबराचं भांडं ढवळत राहिला.
मामी जाऊन तेव्हा तिसरा हिवाळा होता.

काल एक सापडला.
कुण्या चोराने कधीतरी उचललेला,
पकडलं जाऊ नये म्हणून आरशासारखा उलटा केलेला,
मूळ आवाज काढून वर पियानो घातलेला.
ना शीळ, ना खोकला,
म्हणूनच तो अजून जिवंत आहे.

मामाने चष्मा लावून पाहिला.
स्वतःला डावखुरा झालेला पाहून म्हणाला,
"या माणसाची होडी पाणी घेणार."
मी हसले. तोही हसला.
मग मधेच एका जागी
पडद्यावरचा मामा ठोकायचा थांबतो,
मान वर करून कॅमेऱ्याकडे बघतो,
हात जरासा बाजूला घेतो.

"इथे," मामा म्हणाला, "इथे थांबव."