रिकामी बरणी

आधी मी कोळसा ढकलायचो.
सव्वीस हिवाळे. नखांतलं काळं
अजून पुरतं गेलेलं नाही.

मग ड्रिलचं यंत्र आलं
शाळेच्या मैदानात, गोलपोस्टच्या मागे.
बारा भोकं, एकेक दीडशे मीटर.
राखाडी चिखल बर्चच्या बुंध्यांवर उडाला.
ड्रिलवाला म्हणाला, खाली सदा आठ अंश,
जानेवारी असो की जून, खालच्याला पत्ता नाही.

पहिल्याच हिवाळ्यात मुलांचे मोजे
फरशीवर वाळायला लागले.
बॉयलरच्या खोलीत फ्रिजएवढी पेटी,
म्हाताऱ्या मांजरीसारखी गुरगुरणारी.
मी तिच्यापुढं हात चोळत बसायचो, सवयीनं.
तिला माझी काही गरज नव्हती.

म्हणून वही काढली. रोज सकाळी एक आकडा.
आठ.
पुढच्या वर्षी साडेसहा.
तिसऱ्या मार्चमध्ये तीन,
आणि गोलपोस्टमागचं गवत
मे उजाडला तरी फिकटच.

वही घेऊन मुख्याध्यापिका ऑस्माबाईंकडे गेलो.
म्हटलं, बाई, आपण नुसतं घेतोय.
माझी आई शेजारच्या मिल्डाकडून साखर उसनी आणायची,
पण बरणी कधी रिकामी परत नाही केली.
चार सफरचंदं. तीही नसली
तर शेपूची जुडी.

बाईंनी चष्मा काढला, पुसला,
आणि व्यायामशाळेच्या छपराकडे बघत राहिल्या.

आता तिथं काचेच्या नळ्या, दक्षिणेकडे तोंड करून,
आणि पंपापुरती वीज देणारी पॅनेलं, ढग नसले तर.
जूनमध्ये लाटव्हियात रात्र धड होतच नाही.
शाळेला कुलूप, मुलं गाउया नदीवर,
वाचनालय तेवढं उघडं.
त्याचा उकाडा फरशीतून उचलून,
त्यात छपरावरचं ऊन मिसळून
पंप खाली सोडत राहतो,
दगडाच्या पोटात, दिवसचे दिवस.

सगळं परत मिळत नाही.
थोडं झिरपतं वाटेत, भूजलाबरोबर नदीकडे.
जाऊ दे.
तिच्याकडूनही आम्ही कमी घेतलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत बाहेर उणे चोवीस.
पहिलीतला तालिस, अनवाणी, मला विचारतो,
खाली कोण राहतं?
मी म्हणालो, जुलै.

त्यानं वाकून फरशीला कान लावला,
बराच वेळ.
मग कुजबुजला, झोपलाय.

आज वहीत साडेसात.
अर्धा अंश अजून देणं आहे.